दीड तास वजा

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पुन्हा एकदा वेळेच्या नियोजनाचा तो कार्यक्रम ठरला. एचआरची मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि गोड हसून म्हणाली, “सर, या वेळी बाहेरून कुणाला बोलवत नाहीये. तुम्हीच बोला ना. टायमाच्या बाबतीत तुमच्याइतकं पक्कं कोण आहे इथे?”   ती बिचारी नवीन, तिला काय माहीत. मी म्हटलं, बाई, मला यातून वगळ, आणि उठून बाहेर गेटपाशी जाऊन उभा राहिलो.

वेळेचा पक्का! शी! हे शब्द माझ्या बाबतीत कुणी काढले की मला माझीच किळस येते. कारण माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, आणि ते माझ्या पक्केपणामुळे मिळालं नाही. ट्रॅफिक नव्हतं. गाडी बंद पडली नव्हती. मी होतो.

पण ते सांगायचं तर आधी आमच्या धंद्याची एक घाण सवय सांगावी लागेल.

मी न्हावा शेव्याला जाणारा माल क्लिअर करून देणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात काम करतो. उलव्याच्या पुढे, कंटेनरच्या यार्डांना चिकटून आमचं ऑफिस आहे. पंचवीस वर्षं झाली. काम काय, तर पार्टीचा कंटेनर जहाज सुटायच्या आत बंदराच्या गेटातून आत गेला पाहिजे. त्याला एक शेवटची वेळ असते, तिला सगळे कटऑफ म्हणतात. कटऑफ चुकला की जहाज गेलं, माल पडला, पार्टी बोंबलली. म्हणून आमच्या लाइनीत खरी वेळ कुणीच कुणाला सांगत नाही. समजा गेट संध्याकाळी सहाला बंद होणार आहे. मी पार्टीला सांगणार चार. पार्टी फॅक्टरीला सांगणार दोन. फॅक्टरीवाला ट्रेलरच्या ड्रायव्हरला सांगणार, बारा वाजता गेट बंद, पळ! आणि ड्रायव्हर? तो सगळ्यांचा बाप असतो. त्याला माहीत असतं की साहेबाचे बारा म्हणजे सहा. तो ढाब्यावर जेवतो, ट्रेलरखाली सावलीत चादर पसरून तासभर झोपतो आणि पाच पन्नासला गेटावर येऊन उभा राहतो. माझ्याकडे बघून दात काढतो.

म्हणजे सगळे खोटं बोलतात, सगळ्यांना ते माहीत असतं आणि प्रत्येक जण समोरच्याचं खोटं मनातल्या मनात वजा करून खरी वेळ काढतो. याला आम्ही बफर म्हणायचो. काय तो रुबाब शब्दाचा! थाप म्हणायला लाज वाटते म्हणून बफर. नवीन माणूस कामाला लागला की मी त्याला पहिल्याच दिवशी शिकवायचो, हे बघ, खरी वेळ फक्त आपल्या डोक्यात ठेवायची. मधे एकदा ऑफिसने वेळेच्या नियोजनावर भाषण द्यायला एक जण बोलावला होता. सेंट मारून आलेला, हातात क्लिकर, दर दोन वाक्यांनी ‘राइट?’ विचारणारा. त्याने माझी पद्धत ऐकून सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मी लाजल्यासारखं केलं. खरं तर छाती फुगली होती माझी.

आणि मग ही घाण मी घरी आणली.

खारघरचं आमचं घर. हॉलमधलं घड्याळ मी वीस मिनिटं पुढे लावलं. बेडरूममधलं दहा मिनिटं. स्वयंपाकघरातलं पंचवीस, कारण तिथे जास्त उशीर होतो असं माझं निरीक्षण! कुठे जायचं असलं की मी बायकोला एक तास अलीकडची वेळ सांगायचो. लग्न साडेबाराचं असलं तर अकराचं. सिनेमा सातचा तर सहाचा. पहिल्या वर्षी ती धावपळ करायची, घामाघूम व्हायची, आणि हॉलवर पोचल्यावर मंडपवाले अजून खुर्च्या मांडतायत. “अहो, हे काय?” म्हणायची. मी म्हणायचो, “बघ, पोचलो की नाही वेळेत?” दुसऱ्या वर्षी ती शहाणी झाली. मी सहा म्हटलं की ती सात धरून शांतपणे कुकर लावायची. मग मी पाच म्हणायला लागलो. असा आमचा संसार. दोघंही मनातल्या मनात बेरजा-वजाबाक्या करतोय आणि तोंडाने भलतंच बोलतोय.

ताईचंही तेच झालं. ती साताऱ्याला दिलेली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हे घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला मी तिला सकाळी नऊ सांगितले होते. ती बिचारी पहाटे तीनला उठून, भावजींना उठवून, पुरणपोळ्यांचा डबा घेऊन नवाच्या ठोक्याला दारात. घरात आम्ही अजून दात घासतोय. गुरुजी आले साडेदहाला. ताईने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, “काय रे ए शहाण्या! बहिणीलापण टोप्या घालतोस?” मग सगळ्यांसमोर जाहीर केलं, “ऐका रे, याने सांगितलेल्या वेळेत दीड तास वाढवायचा. याचं घड्याळ दीड तास वजा असतं!” सगळे हसले. मीपण हसलो. तेव्हापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत ते ठरूनच गेलं. माझं आमंत्रण आलं की लोक एकमेकांना फोन करून विचारायचे, खरं किती वाजता आहे? आणि मला त्याचा राग यायचा नाही, गंमत वाटायची. माझ्यामुळे सगळे वेळेवर येतात असंच मी धरून चाललो होतो.

एकटी आई तेवढी माझ्यावर विश्वास ठेवायची. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तिला मी जे सांगेन ते खरं. एकदा तिची रक्ताची तपासणी होती, उपाशीपोटी. लॅबची वेळ साडेनऊची. मी तिला आठ सांगितले, सवयीने, काही कारण नसताना. ती साडेसातला तयार. साखरेचं दुखणं असलेली बाई, पाण्याचा घोट नाही, साडेनऊपर्यंत बसून राहिली. मधे एकदा फक्त म्हणाली, “अरे, मला जरा थरथरल्यासारखं होतंय.” मी पेपर वाचत होतो. म्हटलं, “हो गं, निघूच आता.” आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. माझी आई भुकेने थरथरत होती आणि मी बफर सांभाळत होतो!

शेवटचे तीन महिने ती अंथरुणावर होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की आता घरीच ठेवा. ताई दोनदा येऊन राहून गेली. दुसऱ्या खेपेला दहा दिवस होती. आईचं अंग पुसणं, केस विंचरणं, मऊ भात भरवणं, सगळं तीच करायची. तिकडे भावजींनी एकट्याने किती दिवस हाताने करून खायचं, म्हणून रविवारी ती परत जायला निघाली. दुपारी जेवण झाल्यावर आईचा डोळा लागला होता. ताई म्हणाली, “उठवते जरा. येते म्हणून सांगते.” मी म्हटलं, “नको, बस दोनला येतेय कळंबोलीला. चुकेल तुझी.” ती चपला घालून परत दोन पावलं आत आली, दारातूनच आईकडे बघितलं आणि निघाली.

बस तीनची होती.

कळंबोलीच्या त्या धुळीत, हायवेच्या कडेला आम्ही दोघं तासभर उभे होतो. ट्रकांचा धूर नाकातोंडात. ताईने दोनदा विचारलं, “एवढा वेळ आहे तर घरी जाऊन येऊ का रे? रिक्षाने दहा मिनिटं. आईला सांगून येते.” मी म्हटलं, “आता कशाला, येईलच एवढ्यात.” मला माहीत होतं किती वाजता येणार ते. पण खरी वेळ सांगितली असती तर मी खोटं बोललो हे उघडं पडलं असतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प बसलो. बसमध्ये चढताना ताई म्हणाली, “आईला सांग, शुक्रवारी परत येते म्हणून. नीट सांग हां.”

गुरुवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास आई गेली. बायको तिच्या ओठांना पाणी लावत होती, तेवढ्यात.

मी रडलो की नाही ते मला नीट आठवत नाही. मी कामाला लागलो हे मात्र स्वच्छ आठवतं. डॉक्टरला बोलावलं, दाखला घेतला. सेक्टरच्या मागच्या स्मशानात फोन लावला. तिथे गॅसची दाहिनी आहे, आधी सांगून वेळ घ्यावी लागते. तिथला माणूस म्हणाला, साडेचार देतो. म्हणजे घरून चारला निघायचं. मग मी नातेवाइकांना फोन करायला घेतले, आणि पहिला ताईला.

तिने फोन उचलला आणि मी काही बोलायच्या आधीच तिला कळलं. ती ओरडून रडायला लागली. “मी सांगून नाही रे आले! मी तिला न सांगता आले!” तेच तेच म्हणत होती. मी म्हटलं, “ताई, तू निघ. चारला न्यायचंय. तोंड बघायला मिळेल तुला, निघ.” आणि माझ्या मनात तेव्हा स्पष्ट आलं होतं की आज खरी वेळ सांगायची. आईच्या बाबतीत तरी खोटं नको. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कुणाला तरी खरी वेळ सांगत होतो. मला त्याचं, काय सांगू, जरा समाधानसुद्धा वाटलं. बाकी सगळ्यांनाही चारच सांगितले.

पण ती खरी आहे हे कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं हे डोक्यातच आलं नाही.

भावजींनी गाडीची व्यवस्था केली आणि सव्वाअकराला ते साताऱ्याहून निघाले. नीट आले असते तर साडेतीनला दारात असते. पण ताईची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर. आजीची फार लाडकी. तिचं त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, फोन बंद, अडीचच्या आत सुटणार नव्हती. ताईने गाडीतून माझ्या बायकोला फोन केला. मी तेव्हा खाली शववाहिनीवाल्याशी बोलत होतो. ताईने विचारलं, “पोरीला घ्यायला पुण्यात तासभर थांबावं लागेल. चालेल का गं? हा चार म्हणतोय, म्हणजे साडेपाच ना?”

आणि माझी बायको म्हणाली, “हो हो, यांचं माहितीय ना तुम्हाला. साडेपाच धरा. घेऊन या तिला.”

तिचा काय दोष? वीस वर्षं मीच तिला हे शिकवलं. मी सांगतो ती वेळ खरी नसते, खरी वेळ आपली आपण काढायची असते. तिने काढली. ताईने काढली. दोघींनी बरोबर उत्तर काढलं.

साडेतीनला आमच्या बिल्डिंगखाली माणसं जमली होती. सोसायटीतले लोक, ऑफिसातले, माझा साहेबसुद्धा आला होता. मी तिथे काय करत होतो सांगू? मी हार कुठे, मडकं कुठे, कोण कुठल्या गाडीत बसणार, ते बघत होतो. माझ्या हातात कागद होता! यादी केली होती मी, आणि एकेक झालं की पेनाने टिक करत होतो. साहेब कुणाला तरी हळूच म्हणाला, “बघा, अशा वेळीसुद्धा किती व्यवस्थित. सगळं टायमावर.” ते मी ऐकलं. आणि मला बरं वाटलं. आई समोर पांढऱ्या कापडात बांधलेली, आणि मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लिहितानासुद्धा शिसारी येतेय.

चारला पाच कमी असताना मी बायकोला विचारलं, “ताई कुठपर्यंत आली?”

“अडीचला पुण्यातून निघाल्या. घाटात असतील. येतील पाचपर्यंत.”

“पाच? अगं चारला निघायचंय!”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हणजे? चार म्हणजे… खरे चार?”

“खरे म्हणजे? चार म्हणजे चार!” मी ओरडलो. माणसं वळून बघायला लागली. तिने तोंडाला पदर लावला आणि मटकन पायरीवर बसली. “अहो, मी त्यांना साडेपाच सांगितलं हो,” म्हणाली. “मला काय माहीत, आज तुम्ही खरं सांगताय!”

ताईला फोन लावला, लागेना. भावजींचा लागेना. घाटात रेंज नसते. मग मी स्मशानात फोन केला. तिथला माणूस चांगला होता. तो म्हणाला, “साडेचार नको असेल तर मग साडेसहा, साहेब. मधे दोन आहेत. बोला, बदलू का? मला काही प्रॉब्लेम नाही.”

त्याला प्रॉब्लेम नव्हता. हे शब्द नीट वाचा, कारण मला ते रोज ऐकू येतात. साडेसहा मिळत होते.

आमच्या शेजारच्या गावातले एक काका आले होते. मूळचे इथलेच, त्यांच्या शेतांवर आमच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. आईची आणि त्यांच्या बायकोची मैत्री होती, दोघी भाजी निवडत बसायच्या. ते माझा हात धरून म्हणाले, “अरं थांब ना. बहीन येतंय ना तुझी? आईची पोर हाय ती. आईस काय घाई हाय आता? बघू दे पोरीला तोंड.”

इतकं साधं होतं ते. आईला काय घाई होती?

पण मी आजूबाजूला बघितलं. चाळीस-पन्नास माणसं उभी. साहेब मनगटाकडे बघतोय. शववाहिनीचा ड्रायव्हर दार उघडून बसलेला. आणि मी सगळ्यांना चार सांगितलेले. लोक एरवी माझ्या वेळेला हसतात, आज मी खरी वेळ दिलीय, आज ती पाळून दाखवायची, असलं काहीतरी सडकं माझ्या डोक्यात होतं. दुःखामुळे डोकं चाललं नाही असं मी पुढे लोकांना सांगितलं. थाप आहे ती. डोकं चांगलं चालत होतं. मी काकांना म्हणालो, “नको काका, एवढ्या लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही.” आणि फोनवर त्या माणसाला म्हटलं, “नाही, साडेचारच ठेवा.”

निघायच्या आधी मी आणखी एक केलं. आईच्या चेहऱ्यावरून जरा कापड बाजूला केलं आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. नाकात कापूस, तोंडात तुळशीचं पान. ताईला पाठवून दिला. म्हणजे तेही काम झालं! बहिणीने आईचं तोंड बघायचं होतं ना, घ्या. एखाद्या कंटेनरच्या सीलचा फोटो पार्टीला पाठवावा तसा मी तो पाठवला आणि कापड परत ओढलं. काकांनी ते बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

चार वाजून दोन मिनिटांनी आम्ही निघालो. चार पस्तीसला दाहिनीचं दार बंद झालं.

पाच वाजून दहा मिनिटांनी ताई आली. आधी घरी जाऊन, तिथून धावत इकडे. तिच्या हातात आईसाठी आणलेली कोरी साडी होती, हिरवट रंगाची, बारीक काठाची. भाची मागून रडत येत होती. लोक पांगायला लागले होते. ताईने सगळीकडे बघितलं. बाकांकडे, नळाकडे, त्या बंद दाराकडे. मग माझ्याकडे आली आणि लहान मुलासारखं विचारलं, “कुठंय?”

आणि मी काय बोललो असेन? पाया पडलो? मिठी मारली? माफी मागितली? नाही. मी म्हणालो, “ताई, मी चार म्हणालो होतो ना तुला.”

थू माझ्या जिंदगानीवर! तेव्हासुद्धा मला माझी बाजू मांडायची होती.

ताईने मान हलवली. “हो रे,” ती म्हणाली. “तू चारच म्हणालास. माझंच चुकलं.” तिने ती साडी घडीवर घडी करून अगदी लहान केली आणि पदराखाली धरली. शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर बरं झालं असतं. लहानपणी तिने मला याहून फालतू गोष्टींसाठी बडवलेलं आहे.

तेरा दिवस ती आमच्याकडे होती. एकदाही तो विषय काढला नाही. फोटोबद्दलही बोलली नाही. बायको तिच्याशी बोलताना सारखी रडायची, तर ताईच तिची समजूत घालायची. मी घरातली तिन्ही घड्याळं काढून नीट लावली.  काही उपयोग झाला नाही, कारण बायको आजसुद्धा हॉलमधल्या घड्याळाकडे बघते आणि मग मोबाइल उघडून खात्री करून घेते. जेवायला कधी येणार विचारलं आणि मी आठ म्हटलं, की कुकरकडे गेलेला तिचा हात मधेच थांबतो. तिचा हिशोब चालू असतो. 

लोक मला म्हणतात, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. एक जण तर म्हणाला, विधिलिखित होतं. त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. विधीने काय लिहिलं मला माहीत नाही, साडेसहा नको हे मी सांगितलं होतं. आणि ऑफिसात अजून तेच चालू आहे. काल एका पार्टीला मी चार सांगितले, गेट सहाला बंद होणार होतं. खरे सहा सांगितले असते तर ती पार्टी आठला आली असती. या धंद्यातून माझी सुटका नाही. तोंडाला घाण चव येते, पण सांगतो.

आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा घरी श्राद्ध ठेवलं. मी आठ दिवस आधी ताईला फोन केला. नीट, सावकाश म्हटलं, “ताई, गुरुजी अकराला येणार आहेत. अकराला सुरू करू.” ती “बरं” म्हणाली. आदल्या दिवशी ये म्हटलं, तर भावजींना बरं नाही, सकाळीच येते म्हणाली.

त्या दिवशी सकाळी साडेसहाला इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन. “साहेब, तुमच्या बहीण आल्यात. खाली बसल्यात. मी म्हटलं वर जा, तर ऐकेनात.”

मी तसाच लुंगीवर खाली गेलो. गेटाशेजारच्या सिमेंटच्या बाकावर ताई एकटी बसली होती. रात्रभर बसने आलेली, केस विस्कटलेले, डोळे लाल.

“अगं कधी आलीस?”

“पाचला असेल.”

“दीड तास इथे बसलीस? वेडी आहेस का तू? बेल मारायची, फोन करायचा!”

“झोपमोड कशाला करायची तुमची,” ती म्हणाली. “मला काय, इथून दिसतंच ना. काही बाहेर नेलं-आणलं तर समोरूनच जाणार.”

“ताई, आज काय न्यायचंय? श्राद्ध आहे फक्त. अकराला सांगितलं होतं ना मी.”

“हो रे, तू सांगितलंस,” ती म्हणाली. माझ्यावर चिडून नाही, अगदी समजुतीच्या सुरात, मला वाईट वाटू नये म्हणून. “पण तुझं कधी खरं असतं ते मला ओळखता येत नाही. म्हटलं, या खेपेला आपणच आधी जाऊन बसावं.”

मी म्हटलं, “आज अकरा म्हणजे अकराच गं. शप्पथ.”

“बरं,” ती म्हणाली, आणि बाकावरून काही उठली नाही.